नऊवारी: पाटावर बसलं की काष्टा सुटतो आणि डावा काठ वर चढतो. माप नेमकं कुठे चुकतंय?

रुईफूल

मंगळागौरीसाठी न शिवलेली नऊवारी नेसायची आहे. सकाळी पूजेला दोन-अडीच तास पाटावर मांडी, आणि रात्री खेळ: फुगडी, झिम्मा, पिंगा, सगळं. म्हणजे एकच नेसण दोन्हीला पुरायला हवी, निदान मधे पूर्ण सोडून पुन्हा नेसावी लागू नये.

माहिती देते, म्हणजे अंदाजाने उत्तरं द्यावी लागणार नाहीत. साडी इरकल, अंगात सूत, काठपदर रेशमी. टेपने मोजलेली लांबी ८.२० मीटर, पन्हा (रुंदी) ११५ सेंमी. नेसणारीची उंची ५ फूट ३ इंच, नितंबांचा घेर १०४ सेंमी. आत सायकलिंग शॉर्ट आणि कमरेला सुती नाडी. सध्याची पद्धत अशी: पुढे गाठ, आतलं टोक साधारण ७० सेंमी सोडलेलं, त्याचा काष्टा. पुढे निऱ्या १२ येतात.

अडचणी तीन. मांडी घातली की काष्टा मागून निसटतो. डाव्या पायाचा काठ पोटरीपर्यंत चढतो, उजवा जागेवर राहतो. आणि निऱ्यांचा गठ्ठा नाभीपाशी इतका जाड होतो की पोट पुढे आल्यासारखं दिसतं. पिना वाढवून काही फरक पडला नाही.

वार_मोजणारी

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. काष्ट्याला ७० सेंमी फार कमी आहेत. तिकडे वाचवलेलं कापड पुढे निऱ्यांत जातंय, म्हणून तिथे गठ्ठा होतोय. पहिली आणि तिसरी अडचण एकच आहे.

काष्ट्याचं माप असं काढा. कमरेला जिथे गाठ येणार तिथे टेपचं टोक धरा, टेप दोन पायांमधून मागे कमरेच्या मध्यावर आणा, आणि मग उकिडवं बसा. उभ्याने माप घेऊ नका. उभ्याने जे ७५-८० येतं, ते बसल्यावर १२-१५ सेंमीने वाढतं. त्यात मागे खोचायला आणखी १५ सेंमी. तुमच्या बांध्याला हा आकडा १०५ ते ११० च्या दरम्यान यावा. ७० सेंमीचा काष्टा ओढूनताणून मागे कसाबसा पोचतो, उभं असताना दिसतोही बरा, पण बसताना त्याला द्यायला कापडच नसतं. मग तो खोचणीतून बाहेर येतो. पिन लावली तर पिनेपाशी कापड फाटतं, एवढाच फरक.

आता ८२० सेंमीचा हिशोब मांडू. काष्टा ११०. कमरेचा पहिला वेढा १०४. गाठीत १५. दुसरा वेढा पूर्ण नसतो, डाव्या कमरेवरून मागून उजवीकडे येईपर्यंत सैलसर ७५. उजव्या कमरेपासून छातीवरून डाव्या खांद्यापर्यंत ७५ आणि खांद्यामागे पदर ९५. बेरीज ४७४. उरले ३४६. त्यातले वीसेक सेंमी निऱ्यांच्या मागे सपाट जातात. राहिलेल्या सव्वातीन मीटरमध्ये १५ सेंमी रुंदीच्या निऱ्या घातल्या तर एकीला ३० सेंमी लागतं, म्हणजे दहा किंवा अकरा. बारा निऱ्यांचा हट्ट असेल तर पदर आखूड करा, काष्ट्यातून काढू नका.

घेर जास्त असेल तर दोन्ही वेढे वाढतात आणि सगळी कपात निऱ्यांवर येते. १२० घेराला याच साडीत साधारण दहाच्या जागी नऊ निऱ्या होतात, तेही पदर वरच्याइतका ठेवून. त्यापुढे दहावारी घ्यावी.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: काष्ट्याची लांबी गाठ मारतानाच ठरते. गाठ बसली की नंतर ती कितीही ओढाताण करून वाढत नाही. नऊवारी बिघडली की लोक निऱ्या उसकटून पुन्हा घालत बसतात. उसकटायची असते ती गाठ.

सुईदोरा

वरचा हिशोब बरोबर आहे. मी कृती लिहिते, कारण डावा काठ चढण्याचं कारण लांबीत नाही, काष्टा गोळा करण्याच्या पद्धतीत आहे.

साडी पाठीमागून घ्या. आतलं टोक डाव्या हातात, पदराकडचा भाग उजव्या हातात. वरचा काठ नाभीच्या दोन बोटं खाली. गाठ मारताना दोन्ही बाजूंचा फक्त वरचा काठ, चार-पाच सेंमी, चिमटीत धरायचा. आख्खा पन्हा मुठीत गोळा करून गाठ मारली की पुढे गोळा होतो आणि खालचा घेर वाकडा होतो. गाठ दुहेरी आणि नाडीवर बसलेली हवी. नाडीखाली गेली तर बसताना पोटात रुतते, वर गेली तर घसरते.

गाठीनंतर लांब भाग डावीकडून मागे, उजव्या काखेखालून पुढे आणि डाव्या खांद्यावर. पदर आताच लावून घ्या आणि खांद्यावर तात्पुरती एक पिन टोचा. निऱ्यांचं कापड पुढे लोंबत राहील, राहू द्या.

मग काष्टा. आतल्या टोकाची उभी कड हातात घ्या. वरच्या काठापासून सुरुवात करून ८-९ सेंमीच्या घड्या घालत खालच्या काठापर्यंत या. ११५ पन्ह्याला तेरा-चौदा घड्या होतात. खालचा काठ सगळ्यात बाहेर यायला हवा, म्हणजे मागून काठाची उभी पट्टी दिसते. हा जुडगा सरळ ठेवून पायांमधून मागे न्या. इथे दोन गोष्टी सांभाळा. पाय दीड फूट फाकलेले हवेत, गुडघे किंचित वाकवलेले. आणि डाव्या पायाच्या घोट्याजवळचा काठ त्याच पायाच्या अंगठ्याखाली दाबून ठेवा. काठ दाबलेला असला की काष्टा कितीही ओढा, डावा पाय उघडा पडत नाही. डावाच का चढतो, तर आतलं टोक डाव्या पायावरून फिरून येतं. काष्टा ओढला की पहिला ताण त्याच पायाच्या काठावर येतो. उजव्या पायावर निऱ्यांचं सुटं कापड असतं, तिथे ताण पोचतच नाही.

खोचताना बोळा करू नका. टोकाची सपाट घडी आतल्या बाजूला वळवा आणि पाठीच्या कण्यावर, नाडीच्या आत, बोटभर नाही तर खोचायला ठेवलेली पूर्ण १५ सेंमी खाली सरकवा. खोचल्यावर निऱ्या घालायच्या आधी एकदा उकिडवं बसून उठा. सुटणार असेल तर तेव्हाच सुटतो. मगच निऱ्या.

पिना: खांद्यावर एक, निऱ्यांना आडवी एक, काष्ट्याला आतून एक. काष्ट्याची पिन आतल्या थरात आणि नाडीत अडकवायची, बाहेरच्या काठातून नाही. रेशमी काठाला पिनेखाली सुती कापडाचा चौकोनी तुकडा ठेवा. धागा ताणला गेला तरी तो तुकड्याचा, काठाचा नाही. तीनपेक्षा जास्त पिना लागत असतील तर नेसण चुकली आहे असं समजा.

रुईफूल

अंगठ्याखाली काठ दाबायची युक्ती कुठेच ऐकली नव्हती. गाठ आख्खा पन्हा घेऊनच मारली जात होती, हेही लक्षात आलं. दोन प्रश्न उरतात. निऱ्या खोचल्यावर केळं काढायचं की नाही? आणि फुगडीला पुढच्या निऱ्या पायात येतात, त्याचं काय?

चंद्रकळा

सुईदोरा यांनी लिहिली ती जुन्या वळणाची नेसण. काष्टा स्वतंत्र, निऱ्या स्वतंत्र. धोतराची घडणही हीच. पण हल्ली मुली बहुतेक वेळा दुसऱ्या पद्धतीने नेसतात आणि खेळांसाठी तीच सोयीची आहे, असं माझं मत.

त्यात आतलं टोक जेमतेम ३०-४० सेंमी सोडतात आणि ते निऱ्यांतच मिसळतात. त्यामुळे निऱ्यांना जवळजवळ चार मीटर कापड मिळतं. तेरा-चौदा निऱ्या पुढे खोचायच्या. मग त्यांचे दोन वाटे करायचे, अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे. मधल्या निरीचा खालचा काठ उचलून पायांमधून मागे नेला की तोच काष्टा. दोन्ही पाय सारखे झाकले जातात, सलवारीसारखा घोळ पडतो आणि पुढे लोंबणारं काहीच उरत नाही, त्यामुळे पायात यायचा प्रश्न नाही. तोटा असा की कमरेला गठ्ठा जास्त होतो, आणि मागे काष्ट्यावर एकच काठ दिसतो. स्वतंत्र काष्ट्यात दोन्ही काठ शेजारी आणता येतात. पैठणीचा किंवा इरकलीचा काठ दाखवायचा असेल तर जुनी पद्धत घ्या. रात्रभर नाचायचं असेल तर ही.

गठ्ठा कमी करायचा एक उपाय आहे. सगळ्या निऱ्या एकाच जागी एकावर एक न ठेवता प्रत्येक निरी आधीच्या निरीपासून अर्धा सेंमी सरकवून पंख्यासारखी ठेवायची. चौदा निऱ्यांचा गठ्ठा सहा-सात सेंमी पसरतो आणि जाडी निम्म्याने कमी वाटते.

केळं काढा, नक्की काढा. निऱ्या खोचल्यावर वरची दोन-तीन बोटं उंचीची घडी खोचणीतून बाहेर काढून पुढे पालथी करायची. ते नुसतं दिसण्यासाठी नसतं. त्या पालथ्या घडीमुळे निऱ्या खाली ओढल्या गेल्या तरी खोचण सुटत नाही, आधी केळं लहान होतं. म्हणजे बिघाड होण्याआधी सूचना मिळते. दुपारी केळं अर्धं झालेलं दिसलं की समजायचं, निऱ्या वर घ्यायची वेळ झाली.

आता फुगडीचं. तुम्ही जुनीच पद्धत ठेवणार असाल तर सकाळी पूजेला निऱ्या खाली सोडा. रात्री निऱ्यांचा मधला काठ वीतभर उचलून डाव्या कमरेला खोचा, हा ओचा. पदर मागून फिरवून पुढे डावीकडे खोचा. साडी सोडायची गरज नाही. बसफुगडीला मात्र काष्ट्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, त्याआधी मागे हात लावून एकदा तपासा.

कापूसकाठी

मला घाई आहे आणि नऊवारी नाही. सहावारीत काष्टा होतो म्हणतात, होतो का?

वार_मोजणारी

होतो, पण कुठे चालेल ते आधी समजून घ्या. सहावारी ५.५ मीटर. ९५ घेराला पहिला वेढा ९५, गाठ १५, दुसरा वेढा ७०, पदर खांद्यामागे ६० वरच थांबवला तरी १३५. झाले ३१५. उरतात २३५. म्हणजे सात निऱ्या, त्यातल्याच मधल्या निरीचा काष्टा. उभं राहून फोटो, मिरवणूक, लेझीम इथवर ठीक. मांडी घालून बसायला नाही, कारण निऱ्या कमी असल्या की काष्टा ओढताना दोन्ही पायांचे काठ गुडघ्याकडे धावतात.

एक सोपी गोष्ट लोक विसरतात: ब्लाउजपीस कापू नका. तो धरून साडी ६.३ मीटर होते आणि ते ८० सेंमी इथे फार मोलाचे आहेत. बहुतेक साड्यांत तो आतल्या टोकाला असतो, म्हणजे वेढ्यात आणि गाठीत जातो आणि वेगळ्या रंगाचा असला तरी दिसत नाही. मात्र काही साड्यांत तो पदराला लागून असतो. तिथे हा उपाय चालत नाही.

जोड द्यायचा असेल तर आतल्या टोकाला अडीच-पावणेतीन मीटर जोडावं लागतं आणि स्वतंत्र काष्टा त्याच तुकड्याचा होतो. काठ जुळला नाही तर मागून लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा जोडाची साडी चंद्रकळा यांच्या दुसऱ्या पद्धतीने नेसा. जोडाचा तुकडा पहिल्या वेढ्यात आणि आतल्या निऱ्यांत दबतो. शिवण मात्र सपाट घाला, जाड शिवण निरीत आली की ती निरी कायम फाकते.

वाटचाल

विषयाला धरूनच आहे म्हणून विचारते. पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, ब्राह्मणी, मराठमोळी, कोळी, लावणीची, यात खरा फरक किती आणि दुकानातली नावं किती? आणि नऊवारी लढाईवर घोड्यावर बसता यावं म्हणून निघाली, हे खरं मानायचं का?

चंद्रकळा

मस्तानी, राजलक्ष्मी, शाही वगैरे ही शिवलेल्या नऊवारीची नावं. शिंपी घोळ कुठे देतो, पदर कसा जोडतो, त्यावर ठरतात. न शिवलेल्या साडीला ती लावण्यात अर्थ नाही.

नेसणीत खरा फरक तीन जागी असतो: काष्टा किती घट्ट, काठ पायावर कुठवर, आणि निऱ्यांचं पुढे काय केलं. ब्राह्मणी म्हणतात त्यात काठ घोट्यापर्यंत, काष्टा सैल, ओचा असतो. लावणीच्या नेसणीत काष्टा घट्ट आणि पायाला चापून, कारण चाळ बांधायचे असतात आणि पावलं दिसायला हवीत. पदर कमरेला आवळून बांधतात. कोळणींची नेसण गुडघ्यापर्यंत आखूड आणि अंगाला घट्ट. ओल्या रेतीत, होडीत, टोपल्या उचलताना खाली लोंबणारा काठ परवडत नाही. शेतात काम करणाऱ्या बायकाही लुगडं असंच वर घेतात. कामावरून नेसण ठरते. जातीची लेबलं मला त्यामानाने कमी उपयोगी वाटतात, कारण एकाच गावात शेजारच्या दोन घरांतल्या नेसणी वेगळ्या असतात.

घोड्याची गोष्ट ऐकायला छान आहे. पण कासोटा घालून वस्त्र नेसायची रीत त्याहून कितीतरी जुनी. सांचीच्या तोरणांवरच्या, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत ती दिसते. नऊवारीत घोड्यावर बसता येतं, हे खरं. ती त्यासाठीच निघाली, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सुईदोरा

भर घालते. सकच्छ, म्हणजे काष्ट्याची, नेसण महाराष्ट्रापुरती नाही. तमिळ ब्राह्मणांची मडिसारही नऊ वारांचीच, काष्ट्याचीच. अय्यरांकडे पदर उजव्या खांद्यावर, अय्यंगारांकडे डाव्या. आपला काष्टा येणारी मुलगी अय्यरांची मडिसार पाहून पदराच्या बाजूलाच अडखळते. पदराची बाजू बदलली की वेढ्यांची दिशाही बदलते, म्हणून नुसता खांदा बदलून चालत नाही. पहिल्या गाठीपासून सगळं उलटं घ्यावं लागतं.

गोव्याच्या कुणबी साडीची देंठली नेसण पूर्ण वेगळी. लाल-पांढऱ्या चौकड्यांची आखूड साडी, गुडघ्याच्या आसपास काठ, आणि पदराची गाठ उजव्या खांद्यावर. तिथे पिनेचं काम गाठ करते. कोडगूमध्ये (कूर्ग) निऱ्या मागे खोचतात आणि पदर डाव्या काखेखालून छातीवरून आणून उजव्या खांद्यावर अडकवतात. त्याला कावेरी आणि अगस्त्यांची कथा जोडलेली आहे. कथा बाजूला ठेवली तरी डोंगरउतारावर चालताना पुढे निऱ्या नसणं किती बरं पडतं, ते नेसून पाहिल्यावर कळतं.

गुजराती उलट पदर आणि बंगाली आटपौरे या दोन्ही परकरावरच्या गोल नेसणी, त्यांचा इथल्या प्रश्नाशी संबंध नाही. एवढंच लक्षात ठेवा की पाचवारी-सहावारीच्या निऱ्या परकराच्या नाडीच्या आधारावर उभ्या असतात. नऊवारीला आधार स्वतःच्या गाठीचा आणि काष्ट्याचा. म्हणून नऊवारीखाली परकर नको. तो काष्ट्यात अडकतो आणि चालताना कापड आत खेचत राहतो.

वाटचाल

म्हणजे सगळीकडे दिसणारी डाव्या खांद्यावरच्या पदराची, पुढे निऱ्यांची गोल साडी तुलनेने नवीन?

चंद्रकळा

आज ती ज्या रूपात देशभर दिसते, परकर आणि ब्लाउजसह, ते रूप पसरलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. ज्ञानदानंदिनी देवी, म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी, मुंबईत राहत असताना पारशी बायकांची नेसण त्यांनी उचलली, बदलली आणि बंगालमध्ये नेली. आंध्राची निवी नेसण त्या घडणीच्या जवळची. पण इथे थांबते, नाहीतर रुईफूल यांचा काष्टा राहील बाजूला.

रुईफूल

राहिला नाही! काष्टा ११० ठेवून नेसली. निऱ्या अकरा आल्या. मांडी घालून तासभर बसल्यावरही मागची खोचण जागेवर. केळं थोडं उतरलं, पण सुटलं नाही. आता शेवटचे प्रश्न: साडी कोरी आहे. आधी धुवायची का, खळ द्यायची का, आणि फॉल लावायचा का?

कापूसकाठी

फॉल लावतात की. काठ टिकतो.

सुईदोरा

नऊवारीला फॉल नको. सहावारीत खालचा काठ एका जागी लोंबतो, तिथे फॉल वजन देतो. इथे तोच काठ घडी होऊन पायांमधून मागे जातो. फॉल लावला तर काष्ट्याची काठाची घडी दुप्पट जाड होते, मागे ताठ उभी राहते आणि बसताना टोचते. दोन्ही टोकांना पिको करा, बस.

धुण्याचं जरा सविस्तर. इरकलीत अंगाला सूत आणि काठाला रेशीम असतं. सूत पहिल्या धुण्यात आटतं, रेशीम तितकं आटत नाही. त्यामुळे काठ लहरी मारतो आणि निऱ्यांचा खालचा काठ सरळ बसत नाही. शिवाय ८२० सेंमीला तीन टक्के आटलं तरी २५ सेंमी गेले, म्हणजे जवळजवळ एक निरी. म्हणून हिशोबाची लांबी धुतल्यानंतर मोजलेली असावी. तुम्ही मोजलेली कोरी असताना की नंतर, ते पाहा. आधी ओल्या पांढऱ्या कापडाने पदर पुसून रंग लागतो का बघा. लागत असेल तर घरी धुऊच नका, ड्रायक्लीनला द्या. लाल पदराचा रंग अंगावर उतरला तर तो परत निघत नाही. लागत नसेल तर थंड पाण्यात, सौम्य साबण, न पिळता, सावलीत आडवी वाळत घाला. अर्धवट ओली असताना काठ हाताने ओढून सरळ करा, नंतर इस्त्री.

खळ अगदी पातळ आणि फक्त अंगाला. काठाला नाही, पदराला नाही. खळीने निऱ्या धरून राहतात, हे खरं, पण जास्त झाली की काष्टा फुगतो आणि चालताना करकर आवाज येतो. नवीन इरकलीला कारखान्याची कांजी असतेच, ती एका धुण्यात निम्मी जाते आणि नेसायला साडी तेव्हाच बरी लागते. म्हणून मी म्हणेन, एकदा धुवा, खळ देऊ नका, तशीच नेसा.

वार_मोजणारी

आणि पाटावर बसताना काष्टा मागे ओढून सैल करायची सवय असेल तर ती मोडा. बसण्याआधी उजव्या हाताने निऱ्या मधोमध वीतभर उचला, गुडघे टेकवा, मांडी घाला, आणि मग निऱ्या उजवीकडे पसरा. काष्ट्याला हात लावायचाच नाही. उठताना निऱ्या आधी गोळा करून उठा, नाहीतर त्यांचा काठ पाटाच्या कडेखाली दबलेला असतो आणि उठण्याच्या झटक्यात केळं पूर्ण निघतं.

घडी घालून ठेवताना दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. काठ रेशमी असल्याने एकाच रेषेवर मोडला की तिथेच चिरतो.

रुईफूल

मोजलेली कोरीच होती. आता धुऊन, वाळवून मोजली: ८.०४. म्हणजे निऱ्या दहाच घालते, काष्टा ११० च ठेवते. पदर खांद्यामागे ९५ वरून ९० करते.